ओलीचा हिशेब

भाड्यानं द्यायला फ्लॅट घ्यायचा म्हणजे निव्वळ आकड्यांचा खेळ, असं मला वाटत होतं. मग एका कपाटामागची भिंत दिसली...

‘ताई, ते कपाट जरा सरकवून बघा ना.’

हे वाक्य एजंटचं नव्हतं. मालक काकांचं तर नव्हतंच नव्हतं. ते होतं त्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं भाड्यानं राहणाऱ्या नर्सताईंचं. एजंट बाल्कनीत फोनवर. काका हॉलमध्ये आईला ‘इथून हायवे कसा पाच मिनिटांवर’ हे तिसऱ्यांदा सांगतायत. आणि ताई बेडरूमच्या दारात उभ्या राहून, अगदी हळू आवाजात, मला हे सांगत होत्या.

मी आणि माझा सिव्हिल इंजिनिअर मित्र, दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे जमिनीपासून थेट माझ्या कमरेपर्यंत ओलीचा पट्टा. रंगाचे पोपडे, खाली सांडलेली पांढरी भुकटी आणि तो टिपिकल कुबट वास. आठवड्यापूर्वी याच खोलीत उभं राहून मी ‘किती छान उजेड येतो!’ म्हणाले होते. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. उजेड ट्यूबलाइटचा होता.

तर, ही गोष्ट आहे आमच्या वारजेच्या वन बीएचकेची. दुसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत १९९८ची. राहायला नाही, भाड्यानं द्यायला घेतलेली.

झालं असं, की आईच्या नावावर साताऱ्याकडे एक एनए प्लॉट होता. आजीनं तिला दिलेला. तो विकला. बाबा खासगी कंपनीतून रिटायर झालेले, पेन्शन म्हणजे नावाला. आईचं गणित एकदम साधं होतं : ‘मला महिन्याला हातात दहा हजार रुपये हवेत. कुणाकडे मागायला न लागता.’ कुणाकडे म्हणजे माझ्याकडे, हे मला कळलं. फ्रीलान्स पत्रकार मुलीचा भरवसा किती धरायचा, हे तिला बरोबर ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, सरळ एफडी करायची ना! माझा सीए मित्रही हेच म्हणाला. पण प्लॉट विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो आणि विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत ते पैसे राहत्या प्रकारच्या घरात घातले, तर त्या करात सूट मिळते. शिवाय आईची स्वतःची एक थिअरी आहे. ‘एफडी मोडायला एक सही पुरते. एखाद्या भाच्याला धंदा काढायचा असला, की झालं! भिंती कुणी उसन्या मागत नाही.’ यावर सीएकडेही उत्तर नव्हतं.

आधी वरचा आकडा

फ्लॅट बघायच्या आधी आम्ही डायनिंग टेबलवर बसून एक आकडा लिहिला. ४४ लाख. फ्लॅटची किंमत नव्हे हं! सगळं मिळून. किल्ली हातात येऊन, रंग होऊन, भाडेकरू आत जाईपर्यंत जे काय लागेल ते ४४ लाखांत बसलं पाहिजे. कारण बाकीचे सहा लाख आई-बाबांच्या दवाखान्याचे. त्यांना हात लावायचा नाही, आणि कर्जही काढायचं नाही. कर्ज काढलं तर भाडं बँकेत जाणार, आईच्या हातात काय?

हा फंडा मला भलताच उपयोगी पडला. कारण आपण सगळे फ्लॅटची किंमत डोक्यात ठेवतो आणि वरचे खर्च ‘बघू नंतर’ म्हणून सोडून देतो. कर्ज काढणाऱ्यांना तर हे आणखी महागात पडतं. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन हे सहसा कर्जात धरत नाहीत, ते खिशातूनच जातं.

काकांनी सांगितलेली किंमत ४२ लाख. पहिल्याच भेटीत बोलता बोलता ४० वर आली. मला वाटलं, वा, काय भारी बार्गेन केलं आपण! घरी येऊन मांडणी केली. पुण्यात स्टॅम्प ड्युटी सगळे कर धरून ७ टक्के. पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट आहे, १ एप्रिल २०२१ पासून. प्लॉट आईचा, म्हणून फ्लॅटही आईच्याच नावावर. म्हणजे ६ टक्के : २ लाख ४० हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. वकिलांचे १५ हजार. एजंटचा १ टक्का, ४० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी महानगरपालिकेच्या हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही, तेवढे पूर्ण धरले. बेरीज झाली साडेतीन लाख. म्हणजे ४३ लाख ५०. रंगाला उरले ५० हजार. बरोब्बर ४४!

इतकं परफेक्ट बसल्यावर एजंट म्हणाला, ‘मॅडम, विसार देऊन टाका, उद्या दुसरी पार्टी येतीये.’ आई पर्समध्ये हात घालणार, एवढ्यात बाबांनी विचारलं, ‘नळ सोडून बघितलात का?’ नव्हता बघितला. म्हणून शनिवारी सकाळी, भरउजेडात, मित्राला घेऊन परत गेलो. विसार न देता. आणि ताईंनी कपाटाचं सांगितलं.

पाणी कुठून येतं?

मित्रानं भिंतीवर हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मागे काय आहे?’ मागे होतं बाथरूम. ‘बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून पाणी येत असेल, तर दुरुस्ती सोसायटीनं करायची. उपविधींमध्ये तसं आहे. पण आपल्याच बाथरूममधून येत असेल, तर ती मालकाच्या डोक्यावर. आधी पाणी कुणाचं ते शोध, मग बिल कुणाचं ते ठरेल.’

शोधायची पद्धत अगदी देशी. नहाणीच्या जाळीला बोळा लावायचा, बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. काका कुरकुरले. पण ताई म्हणाल्या, ‘भरा खुशाल. माझी आज नाइट आहे, मुलगा मावशीकडे झोपेल.’

रविवारी सकाळी आम्ही खालच्या फ्लॅटमध्ये गेलो. खालच्या काकूंनी दार उघडलं, आणि जणू दोन वर्षं आमचीच वाट बघत होत्या! ‘या, या, बघा!’ त्यांच्या बाथरूमचं छत ठिबकत होतं. खाली पिवळी बादली. ‘मी दर महिन्याला वर जाऊन सांगते. ती बिचारी काय करणार? तिचं का घर आहे?’

मग मित्रानं सगळं घर पालथं घातलं. जुने जीआय पाइप आतून गंजलेले, किचनच्या नळाला धार बारीक. वायरिंग मूळचं, अर्थिंगचा पत्ता नाही, गीझरच्या प्लगची कड काळी पडलेली. खिडक्या, दारं, स्लॅब मात्र ठणठणीत. तो म्हणाला, ‘घर चांगलं आहे. फक्त पंचवीस वर्षांत कुणी त्याच्यावर खर्च केलेला नाही.’

बाबा तेवढ्या वेळात सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाऊन बसले होते. तिथे आणखी दोन गोष्टी कळल्या. काकांचा २२ हजारांचा मेंटेनन्स थकलेला. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी दर फ्लॅटमागे ४५ हजार काढायचा ठराव सभेत पास झालेला, वसुली व्हायची होती. म्हणजे आम्ही घेतल्याबरोबर तो आमच्या दारात! घर बघणं म्हणजे फक्त घर बघणं नसतं. सोसायटीच्या मीटिंगचं वहीतलं पानही बघायचं असतं.

दोन कॉन्ट्रॅक्टरांकडून एस्टिमेट घेतलं. बाथरूम-संडास फोडून, नवा कोबा घालून वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स : १ लाख १० हजार. पाइप बदलून सीपीव्हीसी : ३२ हजार. वायरिंग, एमसीबी, अर्थिंग : ४० हजार. बेडरूमच्या भिंतीचं प्लॅस्टर : १८ हजार. खालच्या काकूंचं छत : १० हजार. एकूण २ लाख १० हजार. रंग वेगळा.

आता उलटं गणित. ४४ लाखांतून हे वजा केलं, रंग आणि वरचे खर्च वजा केले, तर फ्लॅटला द्यायला उरतात ३८ लाख. त्यातही चार हजार शिल्लक. बस्स. हा आमचा आकडा.

‘तुम्हाला कुठे राहायचंय?’

घासाघीस करायची म्हटलं की आपल्याला दोनच प्रकार येतात. एक मंडईतला, ‘एवढं कुठं असतं का हो!’ आणि दुसरा, ‘काका, बघा ना थोडं...’ दोन्हींत समोरच्याला वाटतं, ही उगाच मागतेय. मी तिसरा प्रकार केला. काकांच्या बाणेरच्या घरी, चहा झाल्यावर, एक कागद पुढे ठेवला. पाच कामं, पाच आकडे, खाली बेरीज. सोबत दोन्ही एस्टिमेटच्या प्रती आणि खालच्या काकूंच्या छताचे फोटो. ‘घर जुनं आहे’, ‘एरिया डाउन आहे’ वगैरे एक शब्द नाही. कारण ते काकांनाही माहीत होतं, आणि ४० लाख ठरले तेव्हा मलाही माहीत होतं. ज्याची मला तेव्हा माहिती नव्हती, तेवढंच मी मागत होते.

काकांनी कागद चष्मा लावून वाचला. मग म्हणाले, ‘आम्ही पंधरा वर्षं राहिलो तिथे. काही झालं नाही.’

मी म्हटलं, ‘काका, वरून नाही दिसत. खाली दिसतं.’

‘अहो, भाड्यानं तर द्यायचंय तुम्हाला. तुम्हाला कुठे राहायचंय तिथे?’

मला खरं तर पटकन काहीतरी बोलायचं होतं, पण आईनं टेबलाखालून पाय दाबला. काका वाईट नव्हते. ते जे बोलले ते पुष्कळ जण बोलतात. त्यांनी ५० हजार कमी केले. साडेएकोणचाळीस फायनल. एजंटनं मध्येच हळूच सुचवलं, ‘थोडं कॅशमध्ये बसवू, मग काकापण खाली येतील.’ मी सरळ नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड. आणि आईला करातली सूट मिळणार ती कागदावरच्या रकमेवर, पिशवीतल्या नाही.

अडतीस. त्याच्या वर आमच्याकडे खरंच नव्हते. मी तसं सांगितलं, आणि थकबाकी व गच्चीचे ४५ हजार तुम्ही भरायचे, हेही. काकांनी मान हलवली. आई उठली, ‘चहा छान होता हं,’ म्हणाली आणि आम्ही बाहेर पडलो.

सतरा दिवस

आता ऐका, सगळ्यात अवघड भाग हा होता. निघून येणं सोपं. निघून आल्यावर गप्प बसणं महाकठीण! एजंटचा दर दोन दिवसांनी फोन. ‘मॅडम, एक पार्टी साडेएकोणचाळीसला तयार आहे.’ करसवलतीची मुदत संपायला आमच्याकडे सातच महिने होते. हे एजंटला कळलं असतं, तर खेळ खलास. बाबांना आम्ही फोन उचलायलाच बंदी केली होती, कारण बाबा कुणालाही सगळं सांगतात.

रात्री अकराला आई खोलीत यायची. ‘दीड लाखासाठी घर घालवतोय का गं आपण?’ मी लॅपटॉप उघडून तीच शीट परत दाखवायची. दीड लाख म्हणजे दवाखान्याच्या पैशांतून दीड लाख. मग ती जायची. मग मला झोप लागायची नाही.

मधल्या दिवसांत आणखी दोन फ्लॅट बघितले. एक दिसायला झकास, पण भोगवटा पत्रच नव्हतं. वकिलांनी एका वाक्यात संपवलं, ‘विसरा.’ दुसऱ्याचे दर परवडणारे होते, पण तिथून बसस्टॉप लांब, भाडेकरू मिळायला त्रास. तेव्हा लक्षात आलं, आपण काकांवर दबाव टाकत नव्हतोच. आपण खरंच दुसरी घरं बघत होतो. बहुतेक म्हणूनच माझ्या आवाजात घाई आली नाही.

सतराव्या दिवशी फोन आला. एजंटचा नाही, काकांचा. साडेएकोणचाळीसवाली पार्टी खरंच होती. तीही सकाळी बघायला गेली होती, आणि खालच्या काकूंनी तिलाही ‘या, या, बघा!’ केलं होतं. काका थकल्यासारखे वाटले. ‘अडतीस. बाकीचं मी भरतो. पण महिन्याभरात संपवा.’

करारात आम्ही तीन गोष्टी लिहून घेतल्या. एक, सगळी थकबाकी आणि गच्चीची वर्गणी काका भरणार आणि सोसायटीचं ‘बाकी नाही’चं पत्र देणार. दोन, ताईंचं ४० हजार डिपॉझिट काकांकडे होतं. ते शेवटच्या हप्त्यातून वळतं करून आमच्याकडे येणार. नाहीतर मालक बदलतो आणि भाडेकरूचं डिपॉझिट हवेत राहतं. तीन, शेअर सर्टिफिकेट आणि मूळ कागद रजिस्ट्रेशनच्या दिवशीच हातात. स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनर यांतली जी जास्त तिच्यावर लागते; आमची किंमत रेकनरच्या वर होती, म्हणून ३८ लाखांवर भरली. भाव पाडला की ड्युटीही तेवढी पडेलच असं नाही, हे आधी तपासून ठेवा.

सही झाली. आईनं सब-रजिस्ट्रारच्या कॅमेऱ्यात बघून असा फोटो काढून घेतला, जसा काही पासपोर्टचाच!

पंचवीस हजारांचा मोह

इथे गोष्ट संपायला हवी होती. बार्गेन सक्सेसफुल, पेढे, दी एंड.

पण काम सुरू करायच्या आदल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘मॅडम, एवढं फोडाफोडी कशाला? टाइल्सच्या फटी भरून घेऊ, भिंतीला केमिकल मारू, वरून रंग. पंचवीस हजारांत चकाचक. दोन पावसाळे निघतात. भाड्याचंच घर आहे ना?’

खरं सांगू? मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. घरी आले, शीट उघडली. सगळी कामं टाळली, तर १ लाख ८५ हजार वाचत होते. म्हणजे आईच्या हातात पडणाऱ्या दीड वर्षाच्या भाड्याएवढे! काका काही विचारायला येणार नव्हते. सूट तर मिळालीच होती. आई गप्प होती. गप्प होती म्हणजे तिच्याही डोक्यात तेच चाललं होतं.

आणि मग मला बोरिवली आठवलं. पहिल्या नोकरीत तीन वर्षं मी तिथे भाड्यानं राहत होते. पलंगामागची भिंत ओली. पुस्तकांना बुरशी, कपड्यांना वास, ऑफिसमध्ये मी कायम परफ्यूम मारून जायचे. घरमालकांना दर पावसाळ्यात फोन केला. दर पावसाळ्यात एक माणूस यायचा, रंग मारून जायचा. त्या मालकांच्या शीटमध्येही असंच एखादं ‘वाचले’ लिहिलेलं असणार.

त्याच संध्याकाळी ताईंना नव्या कराराचं बोलायला गेले. त्या १३ हजार देत होत्या, तीन वर्षांपासून तेवढेच. आजूबाजूला तसल्या घराला साडेपंधरापर्यंत भाव होता. मी म्हटलं, ‘दुरुस्ती झाली की भाडं थोडं वाढवावं लागेल.’

ताईंनी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, ‘मी कपाटाचं सांगितलं, म्हणून तुम्हाला घर स्वस्त पडलं ना?’

‘हो.’

‘मग आता मलाच भाडं वाढवणार?’

रागानं नाही. खरोखर विचारल्यासारखं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर त्यांचं काही बिघडत नव्हतं. उलट, बोलण्यातच धोका होता. नवा मालक येतो आणि सगळ्यात आधी ‘घर खाली करा’ म्हणतो, हे काय त्यांना माहीत नव्हतं?

घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत बसली. मग म्हणाली, ‘कागदावर काय लिहिलं होतंस तू? बाथरूम एक लाख दहा, भिंत अठरा. ते वाचूनच त्यांनी कमी केले ना? मग ते तिथेच लावायचे. नाहीतर तो कागद खोटा होता.’

मला वाटतं, सगळ्या व्यवहारात आमची सर्वांत महाग चूक तिथे होता होता राहिली. दुरुस्तीच्या नावानं मिळालेली सूट हा नफा नसतो. तो त्या भिंतीचा पैसा असतो, फक्त आपल्या खात्यात पडलेला. आणि भावनेचं सोडा, धंद्याच्या हिशेबानंही तेच खरं. ओल्या घरातला भाडेकरू टिकत नाही. तो गेला की एक महिना घर रिकामं, एजंटला एक महिन्याचं भाडं, परत रंग. खालच्या काकूंची बादली आहेच.

नऊ हजार नऊशे

पूर्ण काम केलं. फरशी फोडल्यावर आत मलवाहिनीचा जॉइंट तडकलेला निघाला, १४ हजार एक्स्ट्रा. उरलेले चार हजार त्यात गेले आणि बाकीचे दहा रंगातून कापले, म्हणून किचनला जुनाच रंग आहे. इथे मी चुकले होते. एस्टिमेटवर दहा टक्के जास्तीचे धरायला हवेच होते. जुन्या घराच्या पोटात काय आहे, हे फोडल्याशिवाय इंजिनिअरलाही कळत नाही.

बारा दिवस ताई बहिणीकडे राहिल्या; त्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. पहिल्या अकरा महिन्यांसाठी १४ हजार ठरले, पुढच्या करारात पंधरा. ताईंनी हे मान्य केलं, पण एका अटीवर : करार रजिस्टर करायचा. जुने मालक नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवत होते. खरं तर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि ती मालकाची जबाबदारी. आम्ही ऑनलाइन केला, अंगठ्यासकट, अर्ध्या तासात.

आता वर्षाचा हिशेब. भाडं १ लाख ६८ हजार. त्यातून मेंटेनन्स १४ हजार ४००. घर भाड्यानं दिलं की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, पण तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाही. वर्षाला साधारण हजार. मिळकतकर ७ हजार ६०० धरलाय, कारण पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नाही. दुरुस्तीला महिन्याला हजार बाजूला. आणि घर कधीतरी रिकामं राहील म्हणून वर्षाला एक महिन्याचं भाडं. एकूण ४९ हजार वजा. उरले १ लाख १९ हजार. महिन्याला नऊ हजार नऊशेच्या आसपास.

४४ लाखांवर पावणेतीन टक्केही नाहीत! सीए मित्र हसला, आणि हसू दे. एफडी जास्त देते, हे आम्हाला सही करतानाही माहीत होतं. घराची किंमत वाढेल का, किती, यावर मी काही बोलणार नाही. पण एवढं नक्की सांगेन, की परतावा इतका बारीक असतो, म्हणूनच घेतानाचा एकेक हजार महत्त्वाचा. ४२ लाख देऊन, ओल झाकून, वर गच्चीचे ४५ हजार भरले असते, तर हेच भाडं आणखी किरकोळ वाटलं असतं. भाड्याच्या घरात कमाई भाडं घेताना होत नाही, घर घेताना होते.

आईला शंभर रुपये कमी पडतात. ती म्हणते, ते मी द्यायचे. परवडतं मला.

यंदा पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री मला झोप येईना. सकाळी ताईंना मेसेज केला, ‘भिंत कशी आहे?’ दहा मिनिटांनी फोटो आला. कपाट पूर्ण सरकवलेलं, भिंत खडखडीत कोरडी. आणि त्या नव्याकोऱ्या रंगावर, बरोब्बर जिथे ओलीचा पट्टा होता तिथे, त्यांच्या चिरंजीवांनी पेन्सिलीनं तेराचा पाढा लिहिलेला. त्यातही तेरा सत्ते ब्याऐंशी!

मी फोटो आईला दाखवला. ‘हे डिपॉझिटमधून कापायचं का?’

आईनं चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला. ‘कोरडी आहे ना? मग लिहू दे. फक्त सत्ते एक्क्याण्णव म्हणून कळव.’